सियायाला मलेरियाच्या कामाला निघालात? आधी ती दुसरी रेघ समजून घ्या

पश्चिम केनियात मलेरियावर काम करायला निघालेली मुलं मला व्हिसा आणि राहायच्या सोयीबद्दल विचारतात. ते सगळं होऊन जातं. नाकोस्टीचा (केनियाच्या राष्ट्रीय विज्ञान आयोगाचा) संशोधन परवाना आणि एथिक्स कमिटीची मंजुरी यांना वेळ लागतो, तेवढा हाताशी धरा. मला सांगायचंय ते वेगळं.

गडचिरोलीत दोन वर्षं हिवतापाचं काम करून मी सियाया काउंटीत गेले. मलेरियाची रॅपिड टेस्ट म्हणजे बोटातून थेंबभर रक्त किटवर, पंधरा-वीस मिनिटं थांबा, दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह. यात नवीन काय शिकायचं, असं वाटायचं. अभ्यासात औषध दिलेल्या मुलांची चौदाव्या दिवशी पुन्हा तपासणी होती आणि बऱ्याच जणांच्या किटवर पुन्हा दोन रेघा आल्या. औषध लागू पडत नाही, असं मी धरून चालले. घरोघरी तसं सांगितलंसुद्धा.

आता पुढचं दोनदा वाचा. तिथली नेहमीची रॅपिड टेस्ट जंतू बघत नाही. मलेरियाचा फाल्सिपेरम जंतू रक्तात एचआरपी-२ नावाचं प्रथिन सोडतो, ते पकडते. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन या मलेरियाच्या औषधाने जंतू दोन-तीन दिवसांत मरतात, प्रथिन मात्र कित्येक आठवडे रक्तात राहतं. म्हणजे चौदाव्या दिवशीची दुसरी रेघ जुन्या आजाराचीही असू शकते. औषध लागू पडलं का हे बघायला रक्ताची काचपट्टीच हवी, मायक्रोस्कोपखाली. उलटा धोकाही आहे. इरिट्रियात हे प्रथिन बनवणारा जनुकच नसलेले जंतू सापडले. तिथे पेशंट तापाने फणफणलेला आणि टेस्ट निगेटिव्ह, असं होत होतं.

हे मला पहिल्याच आठवड्यात गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेने सांगितलं होतं: "औषधानंतर ही रेघ जात नाही लवकर." मी मान हलवली आणि पुढे गेले, कारण माझ्या संशोधनाच्या गाईडनी असं काही म्हटलं नव्हतं. गाईड निवडताना पेपर मोजू नका. शेवटचं गावात कधी गेला होता, ते विचारा. आणि नैरोबीहून फॉर्म भरणारी माणसं आणायचा शॉर्टकट तर नकोच. या गावांत घरात धोलुओ ही स्थानिक भाषा बोलतात, आणि कुठलाही ताप आला की लोक मलेरियाच म्हणतात. स्थानिक बाई सोबत नसेल तर तुमचा अर्धा डेटा चुकीचा आहे.

एका आजीने मला विचारलं, "नातू आठ दिवस खेळतोय, जेवतोय. आजार गेला नाही म्हणता, मग तुमच्या गोळ्या खोट्या होत्या का?" स्वयंसेविकेने खाली बघत भाषांतर केलं. ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

पण घाबरू नका, यातून बाहेर पडता येतं. प्रोटोकॉलमध्ये होतं म्हणून आम्ही प्रत्येक मुलाची काचपट्टी करून ठेवली होती, फक्त कुणी पाहिली नव्हती. जीम्सा स्टेन करून (जंतू दिसावेत म्हणून रंग देऊन) पाहिल्या, जवळजवळ सगळ्या स्वच्छ. तुम्हीही काचपट्ट्या करा, कितीही कंटाळा आला तरी.

मग मी पुन्हा घरोघर गेले आणि चूक माझी होती हे सांगितलं. आजीला दवाखान्यात नेऊन आधी एका आजारी मुलाची पट्टी दाखवली, जांभळ्या ठिपक्यांची. मग तिच्या नातवाची. तिने डोळा लावून बराच वेळ पाहिलं आणि बाहेर थांबलेल्या सुनेला हाक मारली.