साखर विकत घेताय? मग वेठबिगारीविरोधी धोरण उचलीच्या वहीपासून लिहा

बहुतेक कंपन्यांचं धोरण साखर कारखान्याच्या गेटपाशी संपतं. गेटच्या आत हजेरी, पगारपत्रक, पीएफ सगळं जागेवर सापडतं. अडकलेली माणसं असतात उसाच्या फडात. कारखाना करार करतो वाहतूकदाराशी, वाहतूकदार मजूर आणणाऱ्या मुकादमाशी, आणि मुकादम ऊसतोड मजुरांच्या टोळीला उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो. तेव्हा पुरवठादाराकडून नुसतं हमीपत्र घेऊ नका. वाहतूकदार, मुकादम, कोयते (तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता), मूळ गाव आणि कोयत्यागणिक उचल, एवढे रकाने भरून मागा.

मग वही उघडा. समजा, एका कोयत्याने १ लाख उचल घेतली. दिवसाला २ टन तोड, टनाला ३६६ रुपये. १२० दिवसांचे होतात ८७,८४०. हंगाम पूर्ण भरूनही १२,१६० बाकी. त्यात १० दिवस आजारपण आणि दर खाड्याला, म्हणजे गैरहजेरीच्या दिवसाला, ५०० दंड धरला, की बाकी २४,४८० वर जाते. ती पुढच्या हंगामाच्या उचलीत मिळवली जाते आणि ‘फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही’ असं ठरतं. काम सोडायची मोकळीक गेली की १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचं कलम लागू होतं. किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम घेणं हीसुद्धा सक्तीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं आहे.

करारात काय घालाल? खाड्याचा दंड बंद. बाकी पुढच्या हंगामात ओढायची नाही. हिशोबाची पावती दर पंधरवड्याला टोळीच्या हातात. बायकोची मजुरी तिच्याच खात्यावर. नाहीतर कोयत्यातली बाई कागदावर दिसतच नाही. उचलीवर मात्र सरसकट बंदी घालू नका. पावसाळ्यातला घरखर्च, लग्न, दवाखाना त्याच पैशांवर चालतो. बंदी आली की उचल चालूच राहते, फक्त वहीतून गायब होते.

हे सगळं करून घ्यायचं तर तोडणीचा खर्च साखरेच्या दरात धरावा लागतो. खरेदी विभागाने दर दाबायचा आणि अनुपालन विभागाने धोरण छापायचं, असं केलं तर धोरण फायलीतच राहणार. (ब्रिटनच्या २०१५च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याला कंपनीचं निवेदन पुरतं, ‘आम्ही काहीच पावलं उचलली नाहीत’ असं लिहिलेलंही चालतं.)

तपासणी जानेवारीच्या सुमारास, हंगाम ऐन भरात असताना करा, तीही न कळवता. मुकादमासमोर कोणी बोलत नाही. संध्याकाळी कोपींवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, जा, बायकांशी बाईनेच बोलावं. उचल किती, बाकी किती हे तोंडी विचारा आणि वहीशी ताडून पाहा.

वेठबिगारी सापडली तर कारखान्याची खरेदी लगेच तोडू नका. आधी झळ टोळीलाच बसते. जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, मुक्ती प्रमाणपत्र मिळवा, थकलेली मजुरी आणि परतीचं भाडं पुरवठादाराकडून वसूल करा. कायद्याने असं कर्ज रद्द होतं आणि ते वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. तरीही मे महिन्यात मजुरांच्या गावी एक फेरी माराच, कारण बाकी मागायला मुकादम तिथेच येतो.