व्हिडिओच्या जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन पारखताना या चुका टाळा

चोपड्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. केळीवरच्या करप्याचा व्हिडिओ लावला की औषधाचं नाव ऐकू येण्याआधी दोन जाहिराती, मध्येच आणखी एक. त्यामुळे लॅपटॉप न्यायला आलेला माणूस जाता जाता म्हणतोच, "भाऊ, या जाहिराती बंद करी दे ना."

जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम (यालाच ब्लॉकर म्हणतात), बसवून देणं दोन मिनिटांचं काम आहे. पारखण्यात मात्र लोक चुकतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच परीक्षा घेणं: जाहिरात गेली का? गेली, तर ब्लॉकर चांगला! पण असं एक्स्टेंशन टाकताना ब्राउझर सांगतो की ते तुमच्या सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचू आणि बदलू शकेल. खऱ्या ब्लॉकरलाही ही परवानगी लागते, म्हणून नुसती ती बघून निवाडा होत नाही. त्याच ब्राउझरमध्ये तुम्ही महाडीबीटीचा अर्ज भरता, पीकविमा भरता, बँकेचं खातं उघडता. तेव्हा एक्स्टेंशन कोणाच्या हातात आहे, हे आधी बघायला हवं.

ही भीती उगाच नाही. 2018 मध्ये अॅडगार्ड या ब्लॉकर बनवणाऱ्या कंपनीने क्रोमच्या स्टोअरमधले पाच बनावट ब्लॉकर उघडे पाडले. ते वापरणारे मिळून दोन कोटींच्या वर होते. 2020 मधलं नॅनो अॅडब्लॉकरचं प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं, कारण ते मुळात चांगलंच होतं. मूळ विकसकाने ते दुसऱ्यांना विकलं आणि नव्या मालकांनी त्यात घातक कोड घुसवला. वापरणाऱ्यांनी काहीच नवीन टाकलं नव्हतं, आपोआप अपडेट आलं एवढंच. म्हणून ताऱ्यांची सरासरी बघू नका, गेल्या महिन्याभरातले अभिप्राय वाचा.

नावावरही जाऊ नका. रेमंड हिल यांनी बनवलेला यूब्लॉक ओरिजिन हा ब्लॉकर वेगळा आणि नुसता 'यूब्लॉक' वेगळा. ओरिजिनचा कोड खुला आहे, कोणीही तपासू शकतो. स्टोअरमध्ये नाव शोधण्यापेक्षा गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ब्लॉकरचं स्वतःचं पान असतं, तिथल्या दुव्यावरून जा.

दुसरी चूक एका दिवसात निकाल लावण्याची. यूट्यूबची जाहिरात आणि व्हिडिओ त्यांच्याच सर्व्हरवरून येतात, म्हणून डीएनएसने, म्हणजे जाहिरातीच्या सर्व्हरचा पत्ताच बंद करून, अडवण्याची युक्ती इथे चालत नाही. शिवाय साइट आपली पद्धत बदलत राहते आणि ब्लॉकरवाल्यांना काय अडवायचं याच्या याद्या बदलाव्या लागतात. आठवडाभर वापरा, मग ठरवा. क्रोममध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेंशनं 2024-25 मध्ये बंद झाली, त्यामुळे तिथे आता यूब्लॉक ओरिजिनची लाइट आवृत्ती आहे. तिच्या याद्या मुख्यतः एक्स्टेंशनच्या अपडेटसोबतच येतात, म्हणून दुरुस्ती पोचायला वेळ लागू शकतो. फायरफॉक्समध्ये पूर्ण आवृत्ती अजून चालते. मी तेच सुचवतो.

व्हिडिओ काळा पडला, नुसतं चक्र फिरत राहिलं, किंवा ब्लॉकर बंद करा असा इशारा आला, तर आधी एक्स्टेंशनं मोजा. दुकानात येणाऱ्या अशा लॅपटॉपवर बहुतेक वेळा दोन-तीन ब्लॉकर सापडतात, कारण एक चालला नाही म्हणून दुसरा टाकलेला असतो आणि पहिला तसाच राहिलेला. ते एकमेकांचं काम बिघडवतात. एकच ठेवा, याद्या अपडेट करा, पान पुन्हा उघडा. तरी नाही जमलं, तर त्या साइटपुरता ब्लॉकर बंद करून बघा. व्हिडिओ तेव्हाही अडकला, तर दोष नेटचा किंवा ब्राउझरचा.

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन बसत नाही, फायरफॉक्समध्ये बसतं. व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल (अॅप बसवायची फाइल) मात्र कधीच टाकू नका. आणि व्हिडिओ करणारा स्वतःच बोलता बोलता खताची शिफारस करतो, तो भाग व्हिडिओतच असतो. तो गेला नाही म्हणून ब्लॉकरला नावं ठेवू नका.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. यूट्यूबच्या नियमांत जाहिराती अडवणं बसत नाही, प्रीमियम हा त्यांचा पैसे भरायचा मार्ग आहे. आणि आपल्या खान्देशात अहिराणी गाणी आणि विनोद करणारी कितीतरी पोरं या जाहिरातींतूनच चार पैसे मिळवतात. म्हणून माझ्या लॅपटॉपवर ब्राउझरचं दुसरं प्रोफाइल आहे. त्यात एकही एक्स्टेंशन नाही. बँकेचं काम तिथेच, आणि रात्री दुकान बंद केल्यावर अहिराणी चॅनलही तिथेच, जाहिरातीसकट.