फ्रेंच आल्प्समध्ये स्की रेस बघायला जाताय? या चुका टाळा

२०३० चं विंटर ऑलिम्पिक फ्रेंच आल्प्सला मिळालंय हे कळल्यापासून आमच्या नाशिकच्या सायकलिंग ग्रुपवर एकच विषय, तिकिटं कधी निघणार. पहिली चूक इथंच होते. अहो ऑलिम्पिकपर्यंत थांबायचं कशाला, त्याच डोंगरांत हिवाळ्यात वर्ल्डकपच्या रेस होतातच, व्हाल दिझेरला डिसेंबरात अल्पाइन स्कीइंग (म्हणजे उतारावरून खाली येण्याच्या रेस), अलीकडे ल ग्रां-बोर्नांला त्याच महिन्यात बायथलॉन (म्हणजे स्कीइंग आणि रायफल शूटिंग एकत्र), आणि कूर्शव्हेल-मेरिबेलला तर २०२३ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली. खेळाडू बरेचसे तेच. रामकुंड एरवी बघणं आणि सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी बघणं, एवढा फरक.

दुसरी चूक महागात पडते. रेसची तारीख म्हणजे लग्नाचा मुहूर्त समजून आदल्या रात्री पोचायचं, रेस बघायची, दुसऱ्या दिवशी परत. बर्फ कमी पडला, जास्त पडला, वारा सुटला, धुकं आलं, कशानेही रेस रद्द होते. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या झेरमाट-चेर्व्हिनियाच्या डाउनहिल (सरळ उतारावरची सगळ्यात वेगवान रेस) २०२२ मध्ये बर्फ नाही म्हणून रद्द झाल्या आणि २०२३ मध्ये बर्फ आणि वाऱ्यामुळे. बीजिंग ऑलिम्पिकच्या आधी तिथल्या स्कीइंगच्या ठिकाणी, यानचिंगला, २०२० च्या फेब्रुवारीत वर्ल्डकप व्हायचा होता, तो कोरोनात गेला. म्हणून रेसच्या मागेपुढे दोन दिवस मोकळे ठेवा, हॉटेल कॅन्सल करता येईल असंच घ्या, आणि स्कीइंगसाठी एफआयएस या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, बायथलॉनसाठी आयबीयू या संघटनेचं अ‍ॅप सकाळी उठल्या उठल्या बघा. तिकिटाचे पैसे परत मिळतात का हे बुकिंगच्या आधी वाचायचं असतं, नंतर नाही.

व्हिसाचं एक. जिनिव्हा विमानतळ जवळ पडतो म्हणून काहीजण सरळ स्वित्झर्लंडकडे अर्ज टाकतात, पण जास्त मुक्काम फ्रान्समध्ये असेल तर अर्जही फ्रान्सकडेच करायचा. सहा महिने आधीपासून करता येतो, आणि इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो.

गाडी भाड्याने घेणार असाल तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च तिथल्या बऱ्याच डोंगराळ भागांत विंटर टायर किंवा टायरला लावायची चेन सक्तीची आहे, काउंटरवरच विचारून घ्या. आणि शनिवारी घाट चढू नका, बरीच घरं शनिवार ते शनिवार भाड्याने जातात त्यामुळे या स्की गावांकडे जाताना लागणाऱ्या मूतिएच्या रस्त्यावर अर्धा फ्रान्स अडकलेला असतो.

आता थंडी. निफाडचा पारा ५-६ वर आला की आपल्याकडे शेकोट्या पेटतात आणि त्या जोरावर लोक म्हणतात आपल्याला सवय आहे. नाही हो. खेळाडू पळतोय, तुम्ही दोन-तीन तास बर्फावर एका जागी उभे आहात, थंडी तळव्यातून वर येते. जीन्स आणि कॉटनचा बनियन दोन्ही घरी ठेवा, घामाने कॉटन ओलं झालं की वाळत नाही. एकावर एक दोन मोजे घालून बूट घट्ट केला तर बोटं आणखी गारठतात, एकच लोकरीचा मोजा आणि बुटात थोडी जागा बरी. मोबाइल चार्ज असूनही बंद पडला तर घाबरू नका, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, थोडा गरम झाला की बहुतेकदा चालू होतो.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी डाउनहिलच्या नादी लागू नये असं माझं मत. माणूस शंभरच्या वर स्पीडने समोरून जातो आणि संपलं, बाकी सगळं मोठ्या स्क्रीनवर, मग घरी सोफ्यावर काय वाईट होतं. बायथलॉन बघा. स्टेडियममध्ये समोरच शूटिंग रेंज, ५० मीटरवर पाच काळी टार्गेट, गोळी लागली की काळ्याचं पांढरं होतं आणि प्रत्येक गोळीला पब्लिक ओरडतं. झोपून मारताना ते टार्गेट फक्त ४५ मिलिमीटरचं असतं, आणि हे सगळं धापा टाकत स्की करून आल्यावर. बायथलॉनच्या स्प्रिंट या रेसमध्ये एक गोळी चुकली की १५० मीटरचा जादा फेरा.

खाण्याचं सामान नेताना कोंडाजीचा चिवडा खुशाल न्या, पण तूप आणि पनीर नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तिथे फोंड्यू मिळतं, ते चीजचं असलं तरी त्यात बहुतेकदा वाइन असते, त्यामुळे आईबाबा बरोबर असतील तर ऑर्डरच्या आधी विचारा.