उतरत्या ताऱ्याच्या मोजणीची तयारी

मायक्रोलेन्सिंगमुळे, म्हणजे मधून जाणाऱ्या दुसऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखा प्रकाश एकवटल्यामुळे, उजळलेला तारा शिखरावर असतो तेव्हा सगळ्यांच्या दुर्बिणी त्याच्याकडे वळलेल्या असतात. तो उतरायला लागला की उत्साहही उतरतो. मला विचाराल तर खरं काम तिथून सुरू होतं. मधलं भिंग, म्हणजे तो मधला तारा, आइनस्टाइन त्रिज्येएवढं (भिंगाच्या प्रभावाचं हे ठरलेलं माप) बाजूला सरकलं की मागचा तारा मूळ तेजाच्या 1.34 पट, म्हणजे 0.32 प्रतीने उजळ दिसतो (प्रत हे तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा उजळ). अंतर दुप्पट झालं की उरतो जेमतेम 0.06 प्रतीचा फरक. तारा अंधुक होत जातो आणि मोजणी मात्र अधिक काटेकोर लागते, हे धरूनच तयारीला लागा.

तारा कुठल्या तारकासमूहात आहे ते आधी बघा. धनू राशीत, आकाशगंगेच्या मध्याकडे असेल तर पुण्यातून तो दक्षिणेला साधारण 42 अंशांपर्यंतच चढतो आणि त्याचे चांगले महिने पावसाळ्यात जातात. ऑक्टोबरच्या संध्याकाळी पश्चिमेला मिळेल तेवढा वेळ आपला. शर्मिष्ठा किंवा वृषभ असेल तर हिवाळा हाताशी आहे. 2006 मध्ये जपानच्या अकिहिको तागो यांना शर्मिष्ठेतच 11.4 प्रतीचा एक तारा 7.5च्या आसपास उजळलेला सापडला होता. असा तारा शहरातल्या गच्चीवरूनही मोजता येतो. फारच अंधुक झाला तर पानशेत-वेल्ह्याकडे जायची सोय आणि दवासाठी हीटरची पट्टी तयार असू द्या.

तुलनातारे, म्हणजे ज्यांच्या तेजाशी आपला तारा ताडून बघायचा ते, एकदाच निवडा आणि शेवटपर्यंत बदलू नका. ते त्याच फ्रेममध्ये, रंगाने जवळचे आणि न बदलणारे हवेत. शिवाय तुलनाताऱ्यांची पडताळणी करायला आणखी एक न बदलणारा तारा, म्हणजे चेक स्टार, ठेवाच. तो डळमळला तर त्या रात्रीची मोजणी बाजूला काढा, कितीही जीव तुटला तरी. फिल्टर एकाऐवजी दोन असले तर उत्तम. भिंग सगळे रंग सारखेच वाढवतं, त्यामुळे उतरताना रंग बदलताना दिसला तर शेजारच्या एखाद्या ताऱ्याचा उजेड मिसळतोय का, हे तपासता येतं.

फ्लॅटचा, म्हणजे धुळीचे डाग आणि कडेचा अंधार दुरुस्त करायला घेतलेल्या एकसारख्या उजेडाच्या फ्रेमचा, कंटाळा करू नका. सूर्य मावळल्यावर दुर्बिणीच्या नळीच्या तोंडावर धुतलेलं पांढरं सुती कापड ताणून बांधा, सुरकुती राहू देऊ नका, आणि डोक्यावरच्या आकाशाकडे रोखून फ्रेम घ्या. धुळीच्या कणाचं फिकट कडं त्यात लगेच दिसेल. तारा नेमका त्या कड्यावर बसला तर आपण शोधतोय तेवढाच फरक खोटा निर्माण होऊ शकतो. म्हणून फ्लॅट घेतल्यावर कॅमेरा फिरवू नका, फोकसला हात लावू नका. डार्क, म्हणजे झाकण लावून घेतलेल्या फ्रेम, ताऱ्याच्या फ्रेमच्याच तापमानाला आणि तेवढ्याच एक्स्पोजरच्या घ्या.

एका लांब एक्स्पोजरपेक्षा अनेक छोटे घेऊन एकत्र करा. सिग्नल (ताऱ्याचा उजेड) नॉइजच्या (मोजणीतल्या गोंगाटाच्या) शंभरपट झाला की चूक 0.01 प्रतीवर येते. तारा 30 अंशांच्या वर असतानाच मोजा.

घड्याळ इंटरनेटवरून जुळवा आणि नोंद जागतिक वेळेत, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून ठेवा. ज्युलियन दिवस, म्हणजे खगोलशास्त्रातली सलग दिवसमोजणी, आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे पुण्याची अख्खी रात्र एकाच अंकात बसते. ही सोय युरोपातल्या निरीक्षकांनाही आहे.

आणि तारा पूर्ववत झाला असं वाटल्यावरही थांबू नका. मूळ पातळी पक्की असल्याशिवाय तो किती पट उजळला होता ते सांगता येत नाही. पुढच्या हंगामातल्या काही रात्री त्याच ताऱ्यासाठी, त्याच फिल्टरने आणि त्याच तुलनाताऱ्यांसह, आत्ताच राखून ठेवा.