वर्गातून शालेय साहित्य गोळा करताना या चुका टाळा

गरजू मुलांसाठी साहित्य गोळा करण्याच्या उपक्रमात पहिली चूक बहुधा आवाहनातच होते. ज्या शाळेला मदत करायची तिला काय हवे, हे न विचारताच पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘शालेय साहित्य द्यावे’ असा मोघम निरोप जातो आणि जुन्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे जमा होतात. शासकीय व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. पालकांच्या खिशाला खरी झळ बसते ती वह्या, कंपासपेटी आणि दप्तराची. त्यामुळे आधी तेथील मुख्याध्यापकांना फोन करून इयत्तावार पटसंख्या विचारावी आणि वह्यांचा प्रकारही लिहून घ्यावा, कारण लहान वर्गांना दुरेघी, चाररेघी आणि चौकटीच्या वह्या लागतात आणि 200 पानी एकरेघी वही पहिलीतल्या मुलाच्या फारशी उपयोगाची नसते.

दुसरी चूक वेळेची. राज्यातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात. तेव्हा आवाहन केले तर साहित्य पोहोचेपर्यंत मुलांची खरेदी कशीबशी उरकलेली असते. आवाहन उन्हाळी सुट्टीपूर्वीच करावे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गोळा करत असाल, तर कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, हे ध्यानात ठेवून वाटप त्याआधी करावे.

सर्वांत जास्त जपायला हवे ते मुलांच्या मनाला. कोणी किती आणले याची यादी फळ्यावर लावल्याने साहित्य वाढते खरे, परंतु ज्याच्या घरी स्वतःच्याच वह्यांची ओढाताण आहे असा विद्यार्थी त्याच वर्गात मान खाली घालून बसलेला असतो. त्याऐवजी आठवडाभर एक बंद खोका ठेवावा, नावे लिहू नयेत आणि एक पेन्सिलही पुरेशी आहे हे स्पष्ट सांगावे. ‘कोणाला गरज आहे, हात वर करा’ असे तर कधीही विचारू नये. वाटपाच्या वेळी पाहुण्यांच्या हातून वही घेणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढण्याची प्रथाही माझ्या मते थांबलीच पाहिजे. साहित्य मुख्याध्यापकांकडे सोपवावे आणि वर्गशिक्षकांनी ते नेहमीच्या तासाला द्यावे.

जमलेले सामान तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये. दप्तराची चेन दोन-तीनदा ओढून पाहावी, प्रत्येक स्केचपेनने कागदावर रेघ मारावी, कंपासपेटीतील कर्कटकाचा स्क्रू घट्ट बसतो का ते बघावे. अर्धवट वह्यांतील कोरी पाने शिवून त्यांच्या कच्च्या वह्या आपल्याच वर्गात वापराव्यात. त्या दुसऱ्यांना देऊ नयेत.

साहित्य कमी पडले तर निम्म्या मुलांना देऊन निम्म्यांना रिकाम्या हाताने पाठवण्यापेक्षा एकच इयत्ता निवडून ती पूर्ण करावी, किंवा रंगपेट्या, कात्र्या, पट्ट्या वर्गाच्या कपाटात सामाईक ठेवाव्यात. एकाला चित्रांची आणि शेजारच्याला साधी पेटी मिळाली की रडारड ठरलेली, म्हणून एका वर्गाला शक्यतो एकाच प्रकारची वस्तू द्यावी. उरलेल्या वह्या मात्र लगेच वाटून टाकू नयेत. दुसरे सत्र सुरू होते तेव्हा बऱ्याच मुलांच्या वह्या भरलेल्या असतात आणि नव्या घेण्यासाठी घरी पैसे मागण्याचे धाडस अनेकांना होत नाही.