जुन्या हाडांची फेरतपासणी : मध्ययुगीन शिरच्छेद कसा ओळखावा

विदर्भातल्या एखाद्या शेतात विहीर खोदताना मस्तक नसलेला सांगाडा निघाला, की इथे कुणाचे तरी मुंडके उडवले होते, ही गोष्ट गावभर व्हायला वेळ लागत नाही. सांगाडा नवा असेल तर तो न हलवता प्रथम पोलीस पाटलांना कळवावे. पूर्वीच्या उत्खननातला असेल, तर हाडांना हात लावण्याआधी नोंदवही, खड्ड्याचा नकाशा आणि खोक्यातली चिठ्ठी वाचावी.

अशा फेरतपासणीतून काय हाती लागते, हे इंग्लंडमधील वॉकिंग्टन वोल्ड येथे दिसले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथे निघालेल्या शिरविरहित सांगाड्यांबद्दल कत्तलीपासून शिरपूजेपर्यंत नाना तर्क झाले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वारांच्या खुणा आणि रेडिओकार्बन काल (हाडातल्या कार्बनवरून काढलेला काळ) एकत्र पाहिल्यावर, अँग्लो-सॅक्सन काळात, म्हणजे इंग्लंडच्या मध्ययुगाच्या पूर्वार्धात, निरनिराळ्या वेळी देहदंड दिलेल्यांचे ते दफनस्थान ठरले.

मानेचे मणके, खालच्या जबड्याचा मागचा कोन आणि कानामागचा उंचवटा तिरप्या उजेडात भिंगाखाली पाहावा. मृत्यूसमयी ताज्या हाडावर बसलेल्या धारदार शस्त्राचा काप सपाट व गुळगुळीत असतो आणि त्याचा रंग उरलेल्या हाडासारखाच मातकट झालेला असतो. उलट खोदताना बसलेला टिकावाचा घाव खडबडीत आणि आतून फिकट दिसतो. फाशीची खूण मात्र हाडावर क्वचितच उरते. हाडांवर पूर्वी लाखेचा किंवा डिंकाचा लेप दिला असल्यास कालमापनासाठी नमुना देतानाच तसे कळवावे, नाहीतर काल चुकू शकतो.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यात घुशी आणि नांगर. त्यामुळे मस्तक जागेवर नसणे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुरलेला देह म्हणजे शिक्षा झालेला माणूस, हा तर्कही तितकाच कच्चा आहे, कारण गोंड, महानुभाव, लिंगायत आणि मुस्लिम समाजांत दफनाची रीत जुनीच आहे. नागपूरजवळच्या जुनापाणी किंवा माहुरझरीची शिळावर्तुळे (दफनाभोवती मांडलेली मोठ्या दगडांची वर्तुळे) तर लोहयुगातली. तिथल्या मूळ दफनांचा मध्ययुगीन राजवटींशी संबंध जोडू नये.

सत्तेचा प्रश्न, म्हणजे ही राजवटीने दिलेली शिक्षा होती का, हा यानंतरच घ्यावा. दफन शिवेवर होते की किल्ल्याच्या वाटेवर, हात बांधलेले होते का, देह पालथा पुरला होता का, आणि एकाच जागी अनेक पिढ्यांत असेच दफन झाले का, हे पाहावे. एका सांगाड्यापेक्षा अशी पुनरावृत्ती अधिक बोलकी असते. अहवालात ‘मानेवर मागून वार’ हे निरीक्षण आणि ‘देहदंड’ हा निष्कर्ष वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहावा, कारण तसा वार लढाईत किंवा खुनातही होऊ शकतो.