मूल बोलत नाही म्हणून तज्ज्ञांकडे जाताय? या चुका टाळा

‘याचे बाबाही उशिराच बोलले होते’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि तपासणी पुढे ढकलली जाते. काही मुलं उशिरा बोलून पुढे बरोबरी गाठतात, हे खरं. पण आपलं मूल त्यांतलं आहे की नाही, हे घरी बसून ठरवता येत नाही. न बोलण्यामागे कमी ऐकू येणं असू शकतं, किंवा ऑटिझम, म्हणजे मेंदूच्या वाढीतला असा फरक ज्यात इतरांशी संवाद साधणं अवघड जातं. वर्षाचं झालं तरी बा-बा, दा-दा असे आवाज नाहीत, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, २ वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, यांतलं एक जरी दिसलं तरी डॉक्टरांची वेळ घ्या. आणि येत असलेले शब्द किंवा टाटा करणं बंद झालं, तर वय कितीही असो, थांबू नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती नुसते शब्द मोजल्यामुळे. ‘त्याला सगळे रंग येतात, शंभरपर्यंत आकडे येतात’ असं पालक सांगतात, आणि त्यात खोटं काही नसतं. पण पाठ असणं वेगळं आणि ते दुसऱ्याशी बोलायला वापरणं वेगळं. विमान दिसल्यावर ते बोटानं दाखवून तुमच्याकडे वळून बघतं का? पाणी हवं असेल तर मागतं, की तुमचा हात धरून माठाकडे नेतं? ‘काय हवं?’ विचारल्यावर ‘काय हवं’ एवढंच परत म्हणतं का? तज्ज्ञांना हे ऐकायचं असतं.

कानाची तपासणी मात्र पहिल्यांदा. टीव्हीवरची जाहिरात लागली की धावत येतं, म्हणून ऐकू नीट येतं असं समजू नका. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तर ऐकणं कमीजास्त होतं, आणि काही मुलांना फक्त वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत. जन्मानंतरची चाचणी चांगली आली असली तरी आता पुन्हा करून घ्या. बेरा ही चाचणी, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते यंत्रावर पाहणं, मूल झोपलेलं असतानाही होते.

दवाखान्यात मूल बुजतं, किंवा नेमकं त्या दिवशी छान वागतं. म्हणून फोनवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ घेऊन जा: एकटं खेळताना, इतर मुलांमध्ये, नावानं हाक मारल्यावर. तपासणी चालू असताना ‘सांग ना, काऊ कसा करतो?’ असं पढवू नका. अडचणी झाकूही नका. तुम्ही जेवढं मोकळेपणानं सांगाल तेवढी मदत नेमकी मिळते. शक्य असेल तर आई-बाबा दोघांनी जा. एकानं ऐकून दुसऱ्याला समजावण्यात घरात फार वाद होतात.

एम-चॅट ही ऑटिझमची शक्यता चाचपणारी, पालकांसाठीची २० प्रश्नांची यादी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. त्यावरून पुढची तपासणी हवी का ते कळतं, निदान होत नाही. ऑटिझम रक्ततपासणीतून किंवा एमआरआयमध्येही दिसत नाही; मुलाला पाहून, त्याच्याशी खेळून आणि तुमच्याशी बोलूनच तो ओळखावा लागतो. स्टेम सेल किंवा शरीरातले धातू काढण्याचे उपचार कुणी सुचवले तर स्पष्ट नाही म्हणा. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, धोका मात्र खरा आहे. घरात दोन भाषा बोलत असाल तर एक सोडायची गरज नाही. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही.

तज्ज्ञांची वेळ मिळायला महिने लागले तर ते महिने रिकामे घालवू नका. स्पीच थेरपी सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही. अहवाल हातात आला की एकच विचारा: पुढच्या तीन महिन्यांत कशावर काम करायचं, आणि त्यातलं घरी रोज काय करायचं?